देवळीचं आठवं मशीन

मे २००८ मधला एक शनिवार. स्थळ – नालवाडीतलं आमचं ऑफिस. हजर – मी आणि माझा सहकारी दिनेश. गैरहजर – वसंतराव. आमची सगळी मशीनं त्यांनीच बसवलेली; ते फेब्रुवारीत वारले.

भुताखेतांच्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. मी याद्या करणारी बाई. ही सवयही वसंतरावांचीच. "लिहून नाई ठेवलं, त ते मशीन नाईच समजा, ताई," असं म्हणायचे.

आमचं कापूस खरेदीचं सॉफ्टवेअर सात मशीनवर, म्हणजे ऑफिस आणि खरेदी केंद्रांतल्या संगणकांवर, चालायचं. त्या आठवड्यात कळलं, की मशीनमध्ये शिरायच्या गुप्त किल्ल्या जी लायब्ररी, म्हणजे तयार प्रोग्रॅमचा संच, बनवते, तिच्यातच खोट आहे... तिने बनवलेली किल्ली बाहेरच्या माणसाला शोधून काढता येते. म्हणजे नवी लायब्ररी टाका, जुन्या किल्ल्या रद्द करा, नव्या बनवा. एक जरी मशीन सुटलं, तरी सगळ्या केंद्रांचा कारभार उघडा.

दिनेश एकेक मशीन दुरुस्त करून नाव वाचत गेला, मी यादीवर लाल पेन्सिलीने खुणा केल्या. पावणेदोनला सात खुणा पूर्ण. डबे उघडले.

जेवून पाहते तर मुख्य मशीनच्या नोंदीत नवी ओळ. दोन वाजून दहा मिनिटं – वसंतरावांचं नाव, त्यांची जुनी किल्ली. प्रवेश नाकारला.

"कोणीतरी शोधली किल्ली, मॅडम. हेच तर भोक आहे!"

"कुठून आलं तो पत्ता बघ. देवळीच्या गोदामाचा आहे."

"देवळीले आपलं मशीनच नाई!"

दिनेशच्या मोटरसायकलवर देवळी गाठली. गोदाम सांभाळणाऱ्या नामदेवभाऊंनी मागची खोली उघडली. पोत्यांमागे एक जुनं मशीन.

"वसंतराव साहेबांनंच ठेवलं होतं. ते गेल्यापासून हे कुलूप कोणी काढलंच नाई."

"चालू करा."

"कशावर करू, बाई? बाराले गेलेली लाइट अजून आली कुठं!"

तीन वाजत आले होते; म्हणजे दोन दहाला हे मशीन बंदच होतं. दिनेश तर्क लढवू लागला. बॅटरी? नव्हती. मुख्य मशीनचं घड्याळ चुकलं? सकाळीच मी ते मनगटावरच्या घड्याळाशी लावलं होतं.

चारला लाइट आली. मशीन सुरू झालं. त्यात तीच खोट असलेली लायब्ररी, आणि सातही मशीनकडे जाणारी वाट. आम्ही ते दुरुस्त केलं, यादीत आठवं म्हणून लिहिलं, खूण केली.

मला मात्र जानेवारी आठवत होता. दवाखान्यातून वसंतरावांचा फोन आला होता – "ताई, एक लिहाचं राह्यलं..." मी मीटिंगमध्ये होते. "नंतर करते मी फोन," म्हटलं, आणि ठेवला. तो करायचा राहूनच गेला.

त्या शनिवारी दोन दहाला कोण आलं होतं आणि आम्ही कुणाला परत पाठवलं, याचं उत्तर माझ्याकडे आजही नाही. न झालेलं काम मी खोडत नाही, पुढच्या यादीत उतरवते. या महिन्याच्या यादीतही पहिली ओळ तीच आहे –

वसंतरावांना फोन करणे. बाकी.