खूण घातलेलं फडकं

डागमास्तरांचा कोणावरच विश्वास नव्हता, आणि त्यांच्या धंद्यात तो ठेवून चालतही नाही. गिऱ्हाईक म्हणतं, "नुसता चहा सांडला हो," आणि कापड भलतंच काही सांगत असतं. तीस वर्षं लॉन्ड्री चालवून मास्तरांनी पक्कं ठरवून टाकलं होतं की माणूस थापा मारतो, कॉलर मारत नाही. कोणाकडे पाहुणे म्हणून गेले तरी पाणी पिण्याआधी पडद्याचा कोपरा उलटून बघत. गल्लीने त्यांना हे नाव ठेवलं ते काही उगाच नाही.

घरातही तोच खाक्या. सकाळी कामावर निघताना त्यांचा हात घरभर फिरे. दारातलं पायपुसणं, ओट्यावरचं फडकं, खुर्चीवरचा टॉवेल, मळकं दिसेल ते पिशवीत आणि त्या जागी धुतलेलं, घडीचं. बायको या सवयीला हसायची. चार वर्षांपूर्वी मात्र हसली नव्हती. तिच्या कपाटात मास्तरांना सासूबाईंची शाल सापडली. म्हातारी जाऊन वर्ष झालं होतं आणि शाल न धुता तशीच! मास्तरांनी ती लोकरीच्या साबणाने हळुवार धुतली, वाफ दिली, नवी करकरीत करून बायकोच्या हातात ठेवली. तिने ती नाकाशी नेली, रडली, आणि दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी कपाटाला कुलूप लागलं. त्या कुलपाआड काय दडलंय, या विचाराने मास्तरांना तेव्हापासून चैन नव्हती.

अशा घरात एका रविवारी मांजराचं पिल्लू आलं, आणि तेही मेहुण्याच्या गोदामातून. मांजरी ट्रकखाली सापडली, मागे हे एवढंच उरलं, असं मेहुणा सांगत होता. पिल्लू काळं, गोल, एवढंसं. बायकोने लगेच नाव ठेवलं, बटण.

घरात आधीच ढब्बू होता. नऊ वर्षांचा, लठ्ठ, तपकिरी कुत्रा. मास्तर ज्याच्यावर डोळे मिटून विसंबत असा जगात तो एकटाच. पिलाला बघून तो असा गुरगुरला की बटण थेट बायकोच्या पदरात शिरलं.

मेहुणा म्हणाला, "भाऊजी, आठ दिवस बघा. जमलं तर ठीक. नाही तर पुढच्या रविवारी येतो आणि दोघांतलं एक घेऊन जातो."

दोघांतलं एक! गोदामाच्या राखणीला कुत्रा पाहिजे म्हणून मेहुणा वर्षभर गळ घालत होता. मास्तरांना सगळा डाव लख्ख दिसला. आधी पिल्लू आत घुसवायचं, मग ढब्बूला बाहेर काढायचं. आणि सख्खी बहीण त्याला सामील.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी उपाय सांगितला. पिल्लू मागच्या खोलीत बंद ठेवायचं. रोज सकाळी एक फडकं त्याच्या अंगावरून फिरवायचं आणि ढब्बूच्या गादीवर ठेवायचं. फडकं तेच पाहिजे. वास मुरला की कुत्रा आपणहून पिलाला घरचं मानतो. फडकं धुऊ नका, असं काही बाई बोलल्या नाहीत. आजवर कोणाला ते सांगावंच लागलं नव्हतं.

जुन्या चादरीची चौकोनी फडकी घरात ढिगाने होती. बायको रोज सकाळी पिलाला पुसून फडकं गादीवर ठेवायची आणि त्याला दूध द्यायला मागच्या खोलीत जायची. बुधवारी संध्याकाळी ढब्बूचा पट्टा घट्ट धरून त्यांनी दार उघडलं. ढब्बू पहिल्या दिवशीसारखाच गुरगुरला. बटण फुगून दुप्पट झालं आणि कपाटामागे पळालं.

डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या, "कमाल आहे. एव्हाना थोडी तरी ओळख पटायला हवी. फडकं तेच आहे ना? कोणी बदलत तर नाही?"

बस. मास्तरांना एवढंच पाहिजे होतं. घरात माणसं दोन. आपण तर बदलत नाही.

गुरुवारी संध्याकाळी बायकोची पाठ फिरताच त्यांनी फडक्याच्या कोपऱ्यावर लॉन्ड्रीच्या न पुसणाऱ्या शाईने बारीक फुली मारली. शुक्रवारी दुपारी जेवायला आले ते चपला न काढता सरळ गादीपाशी गेले. ढब्बूने शेपटी आपटली. मास्तरांनी फडकं उचललं, चारही कोपरे पाहिले. फुली नव्हती.

"फडकं कोण बदलतं?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे?" बायको ओट्यापाशी उभी होती.

"म्हणजे मी कालच्यावर खूण केली होती. हे नाही ते. तुला ढब्बू नकोय, सरळ सांग ना! भावाला द्यायचाय त्याला."

तिने हातातली पळी खाली ठेवली. "नऊ वर्षं मी भरवलंय त्याला. आणि तुम्ही माझ्यावर खुणा करून पाळत ठेवता?" तिने ताट वाढून पुढे सरकवलं. "जेवून घ्या," एवढंच म्हणून ती मागच्या खोलीत गेली.

मास्तर न जेवताच दुकानात परतले. सकाळी इस्त्री केलेला घरचा गठ्ठा बाजूला ठेवायला त्यांनी उचलला. पायपुसणं, टॉवेल, त्याखाली एक चौकोनी फडकं. कोपरे आत मुडपलेली घडी. अशी घडी गावात दुसरं कोणी घालत नाही. त्यांनी कोपरा उलटला. फुली.

सकाळी ढब्बूला थोपटून ते निघाले होते, तेवढं आठवत होतं. हाताने त्याच वेळी काय उचललं आणि काय ठेवलं, हे आठवत नव्हतं. रोज ढब्बूपुढे कोरं कापड मांडणारा चोर ते स्वतःच होते.

त्यांनी फडकं नाकाशी नेलं. साबण आणि गरम कापूस, बाकी काही नाही. आणि मग त्यांना ती शाल आठवली. बायकोनेही ती अशीच नाकाशी नेली होती. तिला तिच्या आईचा वास हवा होता, उरलेला तेवढाच. तो आपण धुऊन टाकला आणि वर कौतुकाची वाट बघत उभे राहिलो. दुकानात गिऱ्हाईक हाका मारत होतं, पण मास्तरांना तोंड वर करवेना. त्यांना लाज वाटत होती.

त्या संध्याकाळी त्यांनी बायकोला फुली दाखवली. "मीच," ते म्हणाले. नवं फडकं तिने पिलावरून फिरवलं. सकाळी मास्तर घरातून निघाले ते दोन्ही हात खिशात घालून.

रविवारी मेहुणा आला. मागच्या खोलीचं दार उघडलं तेव्हा ढब्बू पुढे झाला, बटणाला नाकापासून शेपटीपर्यंत हुंगून घेतलं, मग गादीवरचं फडकं हुंगलं आणि तिथेच आडवा झाला. बटण लांबून बघत राहिलं, मग हळूच येऊन फडक्याच्या दुसऱ्या टोकावर बसलं. प्रेम वगैरे काही नव्हतं. दोघंही एका डोळ्याने एकमेकांवर नजर ठेवून होते. पण गुरगुर नव्हती. मेहुणा चहा पिऊन रिकाम्या हाताने गेला.

काही दिवसांनी बायकोने ते फडकं उचललं. केसाळ, दुधाळलेलं, मळून राखाडी झालेलं. मास्तरांचा हात आपसूक पुढे आला आणि अर्ध्यावर थांबला.

"तुझ्या कपाटात ठेव ते," ते म्हणाले. "आणि कुलूप लाव."

तिने त्यांच्याकडे पाहिलं.

"शालीचं मला तेव्हा कळलं नाही गं," मास्तर म्हणाले. "किल्ली कुठे ठेवतेस ते सांगू नकोस. माझ्या हातांचा भरवसा नाही."