मावशींचा पाय ब्रेकवर

आधी मावशींचं सांगतो, मग ब्रेकचं. ओतूरमध्ये मी ज्यांच्या गोठ्याशेजारच्या खोलीत भाड्यानं राहायचो, त्या घरमालकीण म्हणजे मावशी. नात्यानं कोणी नाहीत. माझं गाव लातूरच्या पलीकडं. सातवीत शाळा सुटली ती सुटलीच, आणि हातात स्टिअरिंग आलं ते इकडं येऊन. त्या दिवशी मावशी नसत्या तर माझ्यामागं बसलेल्या माणसांचं काय झालं असतं, हा विचार मी आजही पुरता करत नाही. अर्ध्यात सोडून देतो.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. शेठची जीप चालवायचो. कल्याणहून रिकामी गाडी घेऊन घाट चढलो, मढजवळ म्हशी आडव्या आल्या म्हणून ब्रेक दाबला, तर पेडल तळाला गेलं. दुसऱ्यांदा दाबल्यावर गाडी थांबली. म्हशी निवांत गेल्या. मी तिथंच बाजूला गाडी लावून बराच वेळ बसून राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच जीपमधून मढचं वऱ्हाड माळशेज उतरून न्यायचं होतं. मेकॅनिक त्याच्या गावाला गेलेला. शेठ म्हणाले, "ऑइल जुनं झालं असेल. बदल, हवा काढ. येतं ना तुला?"

"येतं," मी म्हणालो.

येत नव्हतं. दोनदा पाहिलं होतं, तेही लांबून. पण नोकरी मागताना गॅरेजात काम केलंय असं सांगून बसलो होतो. आता नाही म्हटलं तर माझ्या जागी यायला स्टँडवर चार ड्रायव्हर उभेच होते.

ब्रेक ऑइलचे दोन डबे घेतले. दवाखान्यातून सलाईनची रिकामी बाटली आणि नळी मागून आणली. जीप अंगणात लावली आणि मग ध्यानात आलं की हे काम एकट्याचं नाही. एकानं आत बसून पेडल मारायचं आणि दाबून धरायचं. दुसऱ्यानं चाकामागं आडवं होऊन हवा सोडायचा बारका स्क्रू पाव फेरा सैल करायचा. नळीतून ऑइल आणि बुडबुडे बाहेर येतात. स्क्रू पुन्हा आवळला की मगच पाय उचलायचा, नाहीतर बाहेरची हवा आत.

ओसरीवर मावशी कांदा निवडत होत्या.

"मावशी, जरा पेडल माराल का?"

"मी? आन गाडी पळाली म्हंजी?"

"इंजिन बंद आहे."

"मग बसते. पर कुणाला सांगू नका, गावात ड्रायव्हरीण म्हणतील."

पदर खोचून बसल्या. मी मागच्या डाव्या चाकाखाली, कारण पेडलपासून लांबचं चाक आधी धरायचं एवढं पाहिलेलं आठवत होतं. "दाबा... धरा... सोडा." काकवीसारखं काळं ऑइल बाटलीत येत राहिलं. एक चाक, दुसरं चाक. पाठीला खडे टोचत होते, डोळ्यांत माती. तासाभरानं मावशी वरून म्हणाल्या, "एवढे पाय मारले राव, एव्हाना कल्याण गाठलं असतं. धाकट्या बहिणीला तिकडं दिलीय, तिचं घर काय अजून पाह्यलं न्हाई."

"बसा ना एकदा गाडीत."

"गुरं कोण बघंल?"

चौथं चाक झालं तेव्हा उन्हं उतरली होती. बाटलीत अजून बुडबुडे येतच होते. माझ्या अंगात त्राण उरलं नव्हतं. खालूनच म्हणालो, "झालं मावशी. उतरा."

त्या उतरल्या नाहीत.

"न्हाई झालं. पाय अजून खाली जातोय."

"तेवढं चालतं."

"चालतं का? उद्या मान्सं बसायचीत न्हवं?"

मी चाकाखालून बाहेर आलो. त्यांचा पाय पेडलवरच होता. त्यांच्याकडं बघून खोटं पुढं रेटता येईना. म्हणालो, "मला हे काम येत नाही, मावशी. शेठला येतं म्हणून सांगितलंय."

त्या रागावल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "ह्ये त्याल येतं कुठनं?"

"बॉनेटखालच्या डबीतून."

"बघितली का डबी?"

बघितली नव्हती. सुरुवातीला भरली होती, तेवढीच. झाकण उघडलं तर बूड दिसत होतं. मी खाली बाटलीकडं बघत पडलो होतो आणि वरून डबी हवा ओढत होती. दुपारची सगळी मेहनत वाया.

"माझं म्हायेर येडगावचं," मावशी म्हणाल्या. "धरणावरनं आमची पाइपलाइन व्हती. पानी खाली गेलं की मोटार हवा धरायची, मग आबा लई शिव्या द्यायचे. तुमचं बी तसंच दिसतंय. भरा डबी. पुन्यांदा."

गोठ्यात गाय हंबरत होती, धारेची वेळ टळून गेली होती. "थांब गं बाई," त्यांनी तिला जीपमधूनच सांगितलं. दुसरा डबा फोडला. पहिल्या चाकापासून पुन्हा. आता मावशी मोजत होत्या. "पाच झाले. उठा, डबी बघा." पाच झाले की उठायचं, भरायचं, परत आडवं व्हायचं. मला रडू यायच्या बेतात होतं, नुसत्या थकव्यानं. शेवटच्या चाकाला नळीत स्वच्छ पिवळसर ऑइल आलं, एक बुडबुडा नाही. मी बोलायच्या आत वरून आवाज आला, "आता दगडागत लागतंय."

मग त्या उतरल्या, गुडघा चोळला आणि धारेला गेल्या.

सकाळी माळशेज उतरताना प्रत्येक वळणावर मी पायानं तो दगड चाचपत होतो. वऱ्हाड मागं गाणी म्हणत होतं. संध्याकाळी परतलो तेव्हा मावशींनी एवढंच विचारलं, "धरला का?"

"धरला."

"मग भाकरी खा."

पुढं मी दुसरीकडं काम धरलं, ओतूर सुटलं. आता भाड्याची टॅक्सी चालवतो, दुसऱ्याच्याच मालकीची. मावशींचे गुडघे पार गेलेत असं ऐकतो. बहिणीचं घर अजून पाहिलेलं नाही, तेही ऐकतो. माझी स्वतःची गाडी झाली की पहिली फेरी ओतूरची. गुरं बघायला माणूस मी सोबत आणीन, त्यांची ती सबब ऐकणार नाही. मावशींना पुढच्या सीटवर बसवीन, घाट सावकाश उतरीन आणि बहिणीच्या दारात नेऊन उभं करीन. निघायच्या आदल्या दिवशी डबी दोनदा बघून ठेवीन.