दहा वर्षांचा आराखडा आणि वेर्नर मिस्त्री

सिल्केबोर्ग या डॅनिश शहरातल्या तळ्यांकाठी जी नवी घरं दिसतात, त्यांतली बरीचशी वेर्नर थोस्ट्रुपच्या हाताखालून गेली आहेत. आमच्या कंपनीत तो गवंडी म्हणून लागला आणि चाळिशीच्या आत साइटप्रमुख झाला. मी बोडिल. त्याच्या साइटवर बावीस वर्षं मी क्रेन चालवली. क्रेनच्या केबिनमधून माणसांचे चेहरे दिसत नाहीत, पण कोण कोणाजवळ उभं राहतं आणि कोण कोणाला टाळतं, ते बरोबर कळतं. म्हणून वेर्नरचा जळफळाट इतरांच्या आधी मला दिसला.

त्याला जुन्या वळणाचा समजू नका. लेझरने पातळी बघायचं यंत्र आमच्याकडे त्यानेच पहिल्यांदा आणवलं. तेव्हाचे म्हातारे गवंडी त्याला 'खेळणीवाला' म्हणत. भिंती कारखान्यात तयार कराव्यात आणि साइटवर फक्त जोडाव्यात, हे तर तो पंधरा वर्षं सांगत होता. त्यामुळे एका शुक्रवारी, सगळ्यांच्या एकत्र न्याहारीच्या वेळी, आमची मालकीण उल्ला म्हणाली की पुढच्या दहा वर्षांत कोणती यंत्रं आणायची, कोणती कामं कारखान्यात न्यायची आणि माणसांना काय शिकवायचं याचा आराखडा करायचाय, तेव्हा वेर्नरने खुर्ची जरा पुढे ओढली.

"आणि हे सगळं रिक्के बघेल," उल्ला म्हणाली.

रिक्के होल्मगार्ड चौतीस वर्षांची. सोळाव्या वर्षी ती वेर्नरकडेच उमेदवारीला आली होती. ओळंबा कसा धरायचा, विटेवर मसाला किती घ्यायचा, हे त्यानेच तिला शिकवलं. पुढे ती इंजिनिअर झाली, तरी त्याला 'मिस्त्री' म्हणूनच हाक मारायची. एखादा परका माणूस नेमला असता तर वेर्नरने चार दिवस कुरकुर केली असती आणि सोडून दिलं असतं. हे मात्र त्याच्या जिव्हारी लागलं.

बैठकीत उल्लाने रिक्केचं नाव किती वेळा घेतलं, ते तो मोजायला लागला.

"आज अकरा वेळा," जेवणाच्या सुट्टीत तो मला म्हणाला.

"आणि तुझं?"

"एकदा. 'वेर्नर, खिडकी लाव जरा, गार वारं येतंय.'"

मी हसले. तो हसला नाही.

रिक्केने सगळ्यांना एकेक कागद दिला. कामात वेळ कुठे वाया जातो, काय बदलायला हवं, ते लिहायचं होतं. सुतारांनी पाठपोट लिहिलं, मीसुद्धा अर्धं पान भरलं. वेर्नरने कागद कोरा परत दिला.

"मिस्त्री, काहीच नाही?"

"तुला सगळं येतंच की. मी काय सांगणार?"

कारखान्यातल्या भिंतींचा विषय तिने काढला, तर हा म्हणाला, "पुठ्ठ्याची घरं!" नंतर मी त्याला गाठलं. "अरे, हे तर तूच म्हणत होतास इतकी वर्षं."

"मी म्हणत होतो तेव्हा वेगळं होतं," तो म्हणाला आणि डबा आवरून उठला.

मे महिन्यात आम्ही वृद्धाश्रमाची इमारत बांधत होतो. तिथे रिक्केने एका नव्या यंत्राची चाचणी ठेवली. कपाटाएवढं यंत्र, खाली रणगाड्यासारखे पट्टे, वर एकच लांब हात. संगणकातला नकाशा वाचून ते आपोआप छताला भोकं पाडायचं. दिवसभर मान वर करून ड्रिल धरल्याने आमच्या किती जणांचे खांदे गेलेत! म्हणून सगळे बघायला जमले होते. मीही क्रेनवरून उतरले. उल्ला दोन पाहुण्यांना घेऊन आली होती.

यंत्र सुरू होण्याआधी त्याच्या लाल ठिपक्याने छतावर जागा दाखवल्या. वेर्नर वर बघत राहिला. मग कोपऱ्यात टेकवून ठेवलेली नवी लाकडी दारं त्याने एकट्याने एकेक करून बाजूच्या खोलीत नेली. मला वाटलं, पाहुण्यांना जागा करतोय.

पहिली सहा भोकं सुबक झाली. पाहुणे माना डोलावत होते. सातव्या भोकाला फस्सकन आवाज झाला आणि छतातून पाण्याचा फवारा सुटला. खोली गरम ठेवणारा पाइप फुटला होता. यंत्र भिजलं, उल्ला भिजली, पाहुणे ओल्या बुटांनी पळाले. पाण्याचा कॉक बंद होईपर्यंत घोट्याएवढं पाणी साचलं. दारं तेवढी कोरडी राहिली.

रिक्के केस पिळत म्हणाली, "नकाशा चुकीचा होता, आणि तो तपासायचं काम माझं होतं. चूक माझी."

पुढच्या शुक्रवारी न्याहारीला उल्ला सगळ्यांसमोर म्हणाली, "पाइप काय, दुरुस्त होईल. पण अशी सरळ उभी राहून चूक पत्करणारी माणसं मला हवीत." सुतारांनी टेबलं वाजवली. कोणीतरी शिट्टीही मारली.

वेर्नर ताडकन उठला. हातातला लोणी लावलेला पाव तसाच.

"म्हणजे चूकसुद्धा तिचीच?" तो ओरडला. "तो पाइप मी सरकवला! जानेवारीत, काँक्रीट ओतायच्या आदल्या दिवशी, मध्ये सळई येत होती म्हणून. माझ्या डायरीत आहे ते, नकाशात चढवलं नाही. आणि ठिपका कुठे पडलाय ते मला त्या दिवशी दिसलं होतं."

"मग बोलला का नाहीस?" उल्लाने विचारलं.

"तिची फजिती व्हावी म्हणून."

त्याच्या मनाला टोचणी लागली म्हणून त्याने हे सांगितलं, असं सगळ्यांना वाटलं. मला त्याने पुढे खरं सांगितलं. "माझ्या चुकीवर तिने शाबासकी मिळवली, बोडिल. ते मला बघवेना."

रिक्के त्याला बाहेर, त्याच्या गाडीपाशी भेटली. मी जवळच होते.

"त्या भोकाखाली कोणी उभं असतं तर?"

"मी दारं हलवली होती."

"दारं हलवलीस. माणसं नाही हलवलीस, वेर्नर."

तिने त्याला नावाने हाक मारलेली मी पहिल्यांदाच ऐकली. पुन्हा कधी ती त्याला मिस्त्री म्हणाली नाही.

उल्लाने त्याच्याकडची साइट काढून घेतली. ती त्याला घरीच बसवणार होती, पण रिक्के आडवी आली. "त्याच्या डायऱ्यांत जे आहे ते आपल्या एकाही नकाशात नाही," ती म्हणाली. "तो राग येण्यासारखाच माणूस आहे, पण मला तो हवाय."

तीन महिने दोघं एका टेबलाशी बसले. तो डायऱ्या वाचून दाखवायचा, ती नकाशे सुधारायची. कुठे पाइप सरकवला, कुठे भिंत जाड केली, कुठे दगड लागला म्हणून पाया वळवला. पहिले काही दिवस कामापलीकडे एक शब्द नाही. मग एकदा भिंतींच्या कारखान्यावरून त्यांचं कडाक्याचं भांडण झालं. भिंतीत खिडकी आधी बसवायची की नंतर, यावर. मी कॉफी घ्यायला गेले होते, आवाज जिन्यापर्यंत येत होता. वेर्नरचं म्हणणं बरोबर होतं, आणि रिक्केने ते मान्य करून लगेच लिहून घेतलं. तो जरा गोंधळलाच.

आराखडा शरद ऋतूत छापून आला. नवीन यंत्रं दुसऱ्या प्रकरणात होती. पहिलं प्रकरण एवढंच सांगत होतं, की साइटवर जे बदललं ते त्याच दिवशी फोटोसकट नकाशात चढवायचं, आणि हे झाल्याशिवाय एकही यंत्र आणायचं नाही. मुखपृष्ठावर दोन नावं होती.

वेर्नरने ते डोळ्यांजवळ धरून बघितलं. "तिचं वर का?"

"आडनावांच्या क्रमाने आहे, आधी एच, मग टी," मी म्हटलं.

"ते कळतंय मला," तो म्हणाला, आणि दिवसभर फुरंगटून बसला.

दोन वर्षांनी भिंतींचा कारखाना सुरू झाला आणि निवृत्त होईपर्यंत तो वेर्नरनेच चालवला. पाहुणे यायचे, विचारायचे की ही कल्पना कोणाची. "माझी," तो सांगायचा, "पंधरा वर्षं घसा कोरडा केला." मग दुसरीकडे बघत, नाखुशीने का होईना, पुढे म्हणायचा, "आराखडा रिक्के होल्मगार्डचा. तिला विचारा, वर बसते ती."