रिकाम्या डब्यांचा भाव

जयप्रकाश जासईच्या कंटेनर यार्डात सर्व्हेअर आहे. माल उतरवून आलेले रिकामे डबे तपासायचे, हे त्याचं काम. आत शिरायचं, दार बाहेरून लावून घ्यायचं आणि अंधारात छताकडे बघत राहायचं. उजेडाचा ठिपका दिसला, की डबा नापास. सोळा वर्षांत एक भोक नजरेतून सुटलेलं नाही, असं तो प्रत्येक लग्नात सांगतो.

साडू समोर असला की मात्र सांगत नाही. आशुतोष म्हणजे त्याच्या बायकोच्या, सुचित्राच्या धाकट्या बहिणीचा, गीतांजलीचा नवरा. रबाळ्याच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो आणि सांभाळता सांभाळता मोबाइलवर शेअर घेतो-विकतो. गेल्या वर्षी खारघरला फ्लॅट, यंदा गाडी. गाडीला वर सनरूफ. छताला भोक म्हणजे नापास, असं जयप्रकाशने मनातल्या मनात कधीच ठरवून टाकलं होतं.

रविवारी त्यांच्याकडे जेवायला गेल्यावर आशुतोषने मोबाइल पुढे केला. "साडूभाऊ, हे बघा. सातपर्ण फूड्स. आखातातून मोठी ऑर्डर. बेचाळीसचा शेअर चार दिवसांत एकसष्ट!"

रीलमध्ये निळ्या डब्यांची रांग, धडधडतं संगीत आणि वर 'मालाने गच्च भरलेलं यार्ड'. कोपऱ्यात पिवळं हेल्मेट घातलेला एक पाठमोरा माणूस. जयप्रकाशने स्वतःची पाठ ओळखली. मंगळवारी ती रांग त्यानेच तपासली होती. डबे ठार रिकामे होते.

ते सांगणं अगदी ओठांवर आलं. तेवढ्यात गीतांजली म्हणाली, "दाजी, तुम्ही बंदराजवळ असून तुम्हाला कसं कळत नाही हो काही?" सगळे हसले. सुचित्राही हसली. जयप्रकाशने शब्द गिळला, त्यावर श्रीखंडाची वाटी.

परतताना रिक्षात तो खुशीत बोलला, "डबे रिकामेत. आता बघ कसा आपटतो."

"मग सांगितलं का नाही?"

"त्याने विचारलं कुठे?"

पण सोमवारी शेअर चौसष्टवर गेला, मंगळवारी सत्तरवर. तीच रील नातेवाइकांच्या ग्रुपवर आली, यार्डाच्या कँटीनमध्ये फिरली. स्वतःची पाठ जयप्रकाशला सहा जणांनी पाठवली. डबे रिकामे असले म्हणून काय झालं? साडूचे पैसे तर खरेच वाढत होते. बुधवारी सकाळी बाजार उघडताच त्याने दोन लाख लावले. मुलीच्या, उन्नतीच्या कॉलेजच्या फीसाठी ठेवलेले. भाव शहात्तर. शंभरला विकायचे, फी भरायची आणि उरलेल्यात साडूपेक्षा लांब गाडी, निदान बुकिंग तरी. मग तो डबे तपासायला गेला. पोलादी डब्यात मोबाइलला रेंज नसते.

जेवायला बाहेर आला, तोवर कंपनीनेच जाहीर केलं होतं की अशी कुठलीही ऑर्डर नाही. शेअर गडगडला होता आणि आता विकायला गिऱ्हाईकच नव्हतं. जयप्रकाशच्या मनात पहिला विचार आला तो साडूचा. साडूही बुडाला असेल. तेवढाच काय तो गारवा.

फोन वाजला. "साडूभाऊ, तुमचे पाय धरायला हवेत! सुचित्राताई काल गीतांजलीला बोलल्या, डबे रिकामे आहेत म्हणून. सकाळी उघडल्या उघडल्या सगळे काढून टाकले, शहात्तरला. कोण येडा घेत होता कुणास ठाऊक! रविवारी येतो, उन्नतीला गाडीतून फिरवू."

"या ना," जयप्रकाश म्हणाला आणि पुढच्या डब्यात शिरला. यार्डातल्या मदतनीस हौसेरावने बाहेरून दार लावलं.

बराच वेळ गेला. हौसेरावने पत्र्यावर थाप मारली. "साहेब, काय दिसतंय?"

"काही नाही."

"म्हणजे पास ना? उघडू दार?"

फीची शेवटची तारीख पुढच्या शुक्रवारची होती. "थांब जरा," जयप्रकाश आतून म्हणाला. "लगेच उघडू नको."