जानव्याला पेनड्राइव्ह

आमच्या कोपरीच्या सोसायटीत वरच्या मजल्यावरचे काका जानव्याला कपाटाची किल्ली बांधतात आणि तिच्या शेजारी लिनक्सचा पेनड्राइव्ह. कुणाचा लॅपटॉप म्हातारा झालाय असं नुसतं कानावर आलं, की उघडेबंब, बर्म्युडावर खाली हजर. "फेकू नको रे! तासाभरात घोड्यासारखा पळवतो."

आईच्या लॅपटॉपवरही त्यांनी जुनी सिस्टम काढून लिनक्स टाकलं. लॅपटॉप खरंच पळायला लागला, पण प्रिंटरला काही केल्या ओळखेना. आईच्या शिकवणीच्या प्रश्नपत्रिका छापायच्या राहिल्या. मुलं खूश, आई वैतागलेली. काका मात्र म्हणाले, "वहिनी, सवय करा. जुन्या सिस्टमकडे परत जाणं म्हणजे लाचारी!"

शेवटी जुनी सिस्टम परत टाकून घ्यायला मी गुपचूप स्टेशनजवळच्या दुकानात गेलेलो. तर काउंटरवर काकाच उभे. इस्त्रीचा शर्ट, काखेत काकूंचा लॅपटॉप, आणि दुकानदाराला अगदी हळू आवाजात सांगत होते, "आधी होतं ना, तस्संच करून द्या. घरात जेवण बंद झालंय."

वळले तर मागे मी. शर्टाच्या बटणांमधून डोकावणारा पेनड्राइव्ह तेवढा त्यांनी बोटाने आत ढकलला.