आत्यानं धरलेला डूख

साप डूख धरत नाही, असं आमचे विज्ञानाचे मास्तर वर्गात ठणकावून सांगायचे. मास्तरांची माझ्या आत्याशी ओळख नव्हती.

आत्या कपडे आल्टर करते. नवीन काही शिवत नाही. "नवीन शिवणारे पन्नास आहेत. त्यांनी करून ठेवलेली घाण निस्तरणारी मी एकटी," असं तिचं म्हणणं. पँटची लांबी कमी करायची, कंबर सैल करायची, चेन बदलायची, बाही उसवून पुन्हा बसवायची. आमच्या उपनगरातल्या निम्म्या कमरांचा वीस वर्षांचा इतिहास तिला तोंडपाठ आहे. कोण सुखानं सुटला आणि कोण काळजीनं उतरला, हे तिला घरच्यांच्या आधी कळतं.

अकरा वर्षांपूर्वी बस थांब्याच्या कोपऱ्यावर तिची पत्र्याची टपरी होती. तीन बाजूंनी उजेड यायचा. काळ्या कापडावर काळा दोरा घालणाऱ्या माणसाला उजेड म्हणजे काय, ते आपल्यासारख्यांना कळायचं नाही. मग एकदा सुशोभीकरण आलं. नागरिक समितीच्या अध्यक्षांनी महापालिकेला पत्र दिलं. (समितीची निवडणूक शेवटची कधी झाली ते कुणालाच आठवत नाही, म्हणून आम्ही त्यांना कायम अध्यक्ष म्हणतो.) पत्रात होतं, 'सदर टपरीमुळे परिसराच्या सौंदर्यास बाधा पोहोचत आहे.' टपरी उचलायला आलेल्या महापालिकेच्या गाडीवरच्या मुकादमानं ते आत्याला दाखवलं, खालच्या सहीसकट. आत्या म्हणत राहिली, मशीन तरी काढू द्या. त्यांनी टपरी मशीनसकट उचलली आणि गोदामात आपटली. सासूनं दिलेलं मशीन, त्याचं बिडाचं अंग मधोमध तडकलं. कोपऱ्यावर सिमेंटची भलीमोठी कुंडी आली. तिच्यात काय लावलं होतं ते कळायच्या आत ते वाळलं.

तेव्हापासून आत्या घरातल्या खिडकीशी बसते. खिडकीसमोर दोन हातांवर शेजारच्या इमारतीची भिंत. चार वाजले की काळं कापड आणि काळा दोरा दोन्ही गायब. तिच्या चष्म्याचा नंबर या अकरा वर्षांत तीनदा बदलला.

आणि गंमत म्हणजे अध्यक्ष तिच्याकडेच पँट सैल करायला यायचे. दर दोन वर्षांनी अर्धा इंच. आत्या मुकाट्यानं करून द्यायची, तेही नीट. मी एकदा म्हटलं, "आत्या, एखादा टाका कच्चा सोड की. समितीच्या सभेत उसवू दे."

"राग वेगळा, शिलाई वेगळी," ती म्हणाली. "आणि टाक्यावर भागवायला माझा राग काय फुकट आलाय?"

यंदा महापालिकेनं जुन्या उपनगरांना ऊर्जितावस्था आणायचं ठरवलं. या वेळी म्हणे लोकांना विचारून. पाठीला पिशवी लावलेली एक तरुण नकाशावाली बाई आली. शाळेच्या हॉलमध्ये तिनं भिंतभर नकाशा लावला आणि म्हणाली, "तुमचा भाग तुम्हाला जास्त माहीत." हे वाक्य आमच्याकडे कुणी पहिल्यांदाच म्हणत होतं, त्यामुळे लोक आधी संशयानं बघायला लागले.

पद्धत सोपी होती. दर घराला एक हिरवी टिकली. जे काम हवं, त्याच्या चौकोनात चिकटवायची. ज्याला टिकल्या जास्त, ते काम यंदा होणार. बाकीची कधी होतील ते नकाशावालीलाही सांगता येईना. चौकोन दोनच होते. एक, बस थांब्याच्या कोपऱ्यावर छोट्या धंद्यांसाठी सहा पक्के गाळे. त्यातला पहिला जुन्या टपरीवाल्यांचा, म्हणजे सरळ सरळ आत्याचाच. दुसरा, ज्येष्ठांचं उद्यान. ते कुठं, तर अध्यक्षांच्या बंगल्यासमोरच्या पट्ट्यावर. त्या पट्ट्याला अध्यक्षांनी कधीच कुंपण घालून आत स्वतःची गाडी लावली होती. उद्यान झालं असतं तर कुंपण अधिकृत झालं असतं, आणि फाटकाची किल्ली कुणाकडे राहिली असती ते सांगायला नको.

"आणखी कुणाला काही सुचवायचंय?" नकाशावालीनं विचारलं.

आत्या उठली. आयुष्यात कधी सभेत न बोललेली बाई. "बस थांब्यावर बायका संडासला कुठं जातात?"

पुरुष मंडळी छताकडे बघायला लागली.

"कुठं जातात?" नकाशावालीनं विचारलं.

"जात नाहीत. धरून बसतात. मी टपरीत बसायचे तेव्हा दिवसभर पाणी पीत नव्हते." मग ती नकाशाजवळ गेली आणि पट्ट्यावर बोट ठेवलं. "ही जागा कुणाची?"

नकाशावालीनं कागद चाळले. "महापालिकेची."

"मग संडास इथं करा, थांब्यापासून दोन मिनिटांवर. ड्रेनेजची लाइन खालूनच गेलीय."

अध्यक्षांना खोकला आला. पण सूचना कुणाचीही असली तरी चौकोन काढायचा, असा नियम होता. तिसरा चौकोन निघाला.

घरी येताना मी वैतागलो. "आत्या, गाळा समोर चालून आलाय. उजेड आहे. डोळे बघ स्वतःचे. आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करतेस होय?"

"गाळा झाला तर मला उजेड मिळेल," आत्या म्हणाली. "त्याला काय मिळेल?"

हा हिशेब मला डिग्रीला कुणी शिकवला नव्हता.

टिकल्या लावायला तीन आठवडे होते. पहिल्याच आठवड्यात अध्यक्षांनी स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला. 'दर घराला टिकली' हा नियम मुळात घरमालकांपुरता होता. अध्यक्षांच्या बंगल्यामागे त्यांच्या भाड्याच्या चौदा खोल्या. चौदा टिकल्या आयत्या हातात येतात म्हटल्यावर त्यांना एकाएकी भाडेकरूंचा पुळका आला. "भाडेकरूही नागरिकच आहेत," असं त्यांनी इतक्या गहिवरून सांगितलं, की नकाशावालीनं सगळ्याच भाडेकरूंना टिकली दिली. आता भाडेकरू म्हणजे तयार कपडे घेणारी माणसं, आणि तयार कपडा आजवर कुणाला नीट बसलाय? सगळी आत्याची गिऱ्हाइकं.

आत्याची कामाची रीत अशी, की पँट घालायला लावून माणसाला स्टुलावर उभं करायचं आणि अंगावरच टाचण्या लावायच्या. टाचण्या लागल्या की माणूस हलत नाही आणि वादही घालत नाही. त्या तीन आठवड्यांत आत्यानं कधी नव्हे इतक्या टाचण्या लावल्या.

"दिवसाला किती फेऱ्या?" तिनं अध्यक्षांच्या खोलीत भाड्यानं राहणाऱ्या बस ड्रायव्हरला विचारलं.

"आठ, मावशी."

"मध्ये जाता कुठं?"

"जातो कसला. शेवटच्या थांब्यावर झाडं होती, तीही तोडली."

"सरळ उभे राहा. तुमच्या मालकांच्या दारात जागा आहे बघा, चांगली ऐसपैस."

ड्रायव्हर हसला, टोचून घेतलं, आणि बाकीच्या तेरा खोल्यांना जाऊन सांगून आला.

शेवटच्या आठवड्यात अध्यक्ष स्वतः आले. पँट घेऊनच. स्टुलावर चढले.

"बाई, तुमचं लोक ऐकतात," ते म्हणाले. "उद्यानाचं जरा बघा. पुढच्या वर्षी कोपऱ्यावरचा पहिला गाळा तुमचा, माझा शब्द."

आत्यानं कंबर मोजली. "साहेब, त्या कोपऱ्यावर आधी काय होतं?"

"कुंडी आहे ना?"

"कुंडीच्या आधी."

अध्यक्षांनी प्रामाणिकपणे आठवून बघितलं. मी तिथंच बसलो होतो. माणूस नाटक करत नव्हता. "मोकळंच असेल," ते म्हणाले.

आत्यानं खाली बघून शेवटची टाचणी लावली. तोपर्यंत, मला वाटतं, तिचं मन थोडं तरी डळमळत होतं. सकाळी तिनं मला गाळ्याची रुंदी विचारली होती. पुन्हा कधी विचारली नाही.

मोजणीत संडासाला एकशे अठरा टिकल्या, उद्यानाला एक्केचाळीस, गाळ्यांना सदतीस. अध्यक्षांच्या चौदा खोल्यांतून उद्यानाला एकही नाही. नकाशावालीनं अहवालात लिहिलं, की महिलांच्या गरजेसाठी लोक स्वतःहून पुढे आले, हे लोकसहभागाचं अनुकरणीय उदाहरण आहे. तसं ते आहेही. आज थांब्यावरच्या बायका दिवसभर पाणी पितात. चांगली कामं चांगल्याच मनानं होतात असं कुठं आहे?

कुंपण तोडायला गाडी आली, तेव्हा आत्या घरून खुर्ची घेऊन गेली आणि रस्त्यापलीकडे सावलीत बसली. अध्यक्ष मुकादमाला म्हणत होते, माझी गाडी तरी काढू द्या. मुकादमानं काढू दिली. आत्याला ते आवडलं नाही.

संडास उभा राहिला. अध्यक्षांची बैठकीची खोली बरोबर समोर. ते खिडक्या बंद ठेवायला लागले आणि भाडेकरूंना शिव्या घालायला लागले. चौदाही खोल्या रिकाम्या करायची भाषा सुरू झाली. हे कानावर आल्यावर आत्या उठली. मी मागोमाग गेलो.

"त्यांना काढू नका," ती दारातच म्हणाली. "ते मी केलंय. एकेकाला सांगून केलंय."

"तुम्ही?" अध्यक्ष खरंच चकित झाले. "मी तुमचं काय वाकडं केलं?"

मग आत्यानं सांगितलं. टपरी, मशीन, गाडी. पत्र तर तिनं म्हणूनच दाखवलं, सदरपासून बाधेपर्यंत, तारखेसकट. अध्यक्ष ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "असेल. तेव्हा अशी बरीच पत्रं दिली आम्ही."

आत्याचा चेहरा मी बघितला. अकरा वर्षं सांभाळून ठेवलेली वस्तू ज्याची त्याला परत करायला जावं, आणि त्यानं म्हणावं माझी नाही, तसा झाला होता.

"तेव्हाच सांगायचं होतं मला," अध्यक्ष म्हणाले.

"तेव्हा विचारायला कोण आलं होतं?"

ते थोडे वरमले. "मी असं करतो, गाळ्यासाठी आता महापालिकेला पत्र देतो."

"नको," आत्या म्हणाली. "तुमचं एक पत्र मला जन्माला पुरलं. भाडेकरू राहू द्या, म्हणजे झालं. आणि खिडकी कशाला बंद करता? उजेड जातो."

त्या दुपारी ती दोन घास जास्त जेवली. गाळ्यांचं यंदा काही नाही, पुढच्या वर्षीचं नकाशावालीलाही माहीत नाही. काळे कपडे आत्या हल्ली तीनच्या आत आणायला सांगते.