कट्ट्यावरचा पाहुणा

आज गल्लीतून म्हशी गेल्या. त्यांच्या वासासरशी दुधाचा कट्टा आठवला.

नागपूरचा मित्र सुधीर आला होता आणि मी त्याला दोन दिवस कोल्हापूर दाखवत होतो. "इथं म्हशीची धार थेट पेल्यात काढून देतात. आम्ही लहानपणापासून हेच पितो," कट्ट्यावर पोचताच मी ऐटीत म्हणालो. खरं तर बेचाळीस वर्षांत मी ते एकदाही प्यायलो नव्हतो.

सुधीरनं फेसाळ, कोमट पेला एका दमात संपवला. मी दुसऱ्याच घोटाला अडकलो.

गवळी मला म्हणाला, "पावणं, पहिल्यांदाच आलाय व्हय कोल्हापुरात? दमानं घ्या की!"

"हो ना," सुधीर म्हणाला, "मीच आणलंय यांना गाव दाखवायला."

तेव्हा मी चिडलो होतो. आता हिशेब मान्य आहे: आम्ही पाहिलेल्या सात ठिकाणांपैकी पाच मीही पहिल्यांदाच पाहिली होती.